कानापुढचा सांधा



व्याख्यानाला आरंभ करण्यापूर्वी आपणां सर्वांना एक विनंती आहे. दोन्ही हातांची पहिली बोटे आपापल्या कानांच्या अगदी पुढे टेकवा आणि तोंड सावकाश उघडा, सावकाश मिटा. शेजारी हसेल, हसू द्या, तोही तेच करीत आहे. बोटाखाली गोटीसारखे एक हाड आधी जागच्या जागी फिरल्यासारखे आणि मग पुढे सरकल्यासारखे लागेल. काहींना ‘कट’ असा आवाजही ऐकू येईल. तो ऐकून ज्यांच्या पोटात गोळा उठला असेल त्यांना आधीच सांगून टाकतो की, दुखत नसेल आणि तोंड पुरते उघडत असेल तर नुसता आवाज हा रोग नव्हे, आणि त्याला औषधही लागत नाही. या सभागृहातील बऱ्याच जणांच्या कानापुढे आत्ता ‘कट’ झाले असेल, आणि त्यांतील बहुतेकांना त्यापायी कधी वैद्याचे तोंड पाहावे लागणार नाही.

हा जबड्याचा सांधा. आजचे व्याख्यान त्याच्या दुखण्याविषयी आहे, आणि ते दुखणे चाकूवाचून, सुईच्या टोकाने किंवा सुईवाचूनही बरे करण्याविषयी आहे. ज्या गावात घरटी एक तरी माणूस यंत्रावर उभा असतो त्या पिंपरी-चिंचवडमध्ये हा सांधा समजावून देणे पुण्यापेक्षा सोपे आहे, हे आम्ही पुणेकरांची क्षमा मागून म्हणतो. खालचा जबडा हे एकच हाड. त्याची दोन टोके दोन कानांपुढे दोन खोबणींत बसवलेली. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन बेअरिंगे असावीत तशी ही रचना आहे, आणि म्हणून एक बाजू अडली की दुसरीचीही चाल बिघडते. हाड आणि खोबण यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते, मधोमध पातळ आणि कडांना जाड. तिच्यामुळे सांध्याचे वर-खाली दोन कप्पे होतात. तोंड उघडू लागताना हाड खालच्या कप्प्यात फिरते, आणि आणखी उघडले की चकतीसकट वरच्या कप्प्यात पुढे घसरते. वरच्या कप्प्यात मावते किती? चहाच्या चमच्याचा सुमारे चौथा हिस्सा. एवढ्याशा जागेत निसर्गाने वंगण घातले आहे, आणि एवढ्या वंगणावर माणूस जेवतो, जांभया देतो, भाषणे करतो आणि, आमच्यासारखा असला तर, भाषणे लांबवतो.

चकती जागेवरून पुढे सरकली की हाड तिच्या कडेवरून उडी मारते, तोच ‘कट’. पुष्कळांचे आयुष्य एवढ्यावरच निभावते. परंतु काही वेळा चकती पुढे अडकून बसते किंवा खोबणीला चिकटल्यासारखी होते, आणि हाडाला पुढे घसरता येत नाही. मग एके दिवशी तोंड उघडावयाचे ते दोन बोटांवर थांबते. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. आपलीच तीन बोटे उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे पाहिले की झाले.

भोसरीच्या एका लहान कारखान्यातील फिटर आमच्याकडे आला तो असाच. तिसरी पाळी करून सकाळी घरी गेला, न्याहारीला बसला आणि घास तोंडात जाईना. आम्हांला म्हणाला, “डॉक्टर, बेअरिंग जाम झालंय.” इतके नेमके निदान घेऊन येणारा रोगी विरळा. आम्ही मोजून सांगितले, २४ मिलिमीटर. त्यावर त्याने विचारले, “व्हर्नियरनं मोजलंत का?” आम्ही साध्या पट्टीने मोजले होते. ते त्याला फारसे पटल्याचे दिसले नाही. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

त्यापूर्वी एक कबुली द्यावयाची आहे, कारण आजचा विषय आम्ही निवडला तो तिच्यामुळेच. काही वर्षांपूर्वी निगडीच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ ठणकते, रात्री झोप नाही, सकाळी उठल्यावर अधिक. दाढेत जुने चांदीचे भरण होते. क्षकिरण-चित्रात मुळाशी काही ठळक दिसत नव्हते, परंतु रोगी दाढेवर बोट ठेवून सांगत असता दुसरीकडे पाहावयाचे आम्हांला सुचले नाही. आधी मुळातील नस काढली. ठणका राहिला. मग दाढ काढली. दहा-बारा दिवसांनी त्या परत आल्या, आणि ठणका आता नसलेल्या दाढेत होता! तेव्हा कोठे आम्ही त्यांच्या गालावरच्या चावण्याच्या स्नायूवर अंगठा दाबला. त्या खुर्चीत दचकल्या आणि म्हणाल्या, “हेच ते, हाच ठणका.” हा स्नायू दुखला की त्याची कळ पुष्कळदा खालच्या दाढांत उमटते, ही गोष्ट आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलीही होती. ती तपासणी आधी केली असती तर एक मिनिट लागले असते. बाईंनी आवाज चढवला नाही. फक्त विचारले, “डॉक्टर, मग माझी दाढ?”

त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बाईंचे दुखणे पुढे सव्वादोन महिन्यांत निवळले ते कशाने म्हणाल, तर सकाळ-संध्याकाळ गालाला ओल्या फडक्याचा शेक, आमटीत कुस्करलेली भाकरी, फुटाणे आणि उसाचे कांडे बंद, आरशासमोर उभे राहून जबडा सरळ रेषेत उघडण्याचा व्यायाम, आणि दिवसभर एक आठवण: ओठ मिटलेले, दात सुटे. माणसाचे दात एकमेकांवर टेकावयाचे ते घास चावताना आणि गिळताना. एरवी त्यांनी अंतर ठेवून राहावयाचे असते. परीक्षेच्या वह्या तपासताना आपण तासन् तास दात आवळून बसतो, हे बाईंच्या स्वतःच्याच ध्यानात आले. यांतले काहीही आम्ही दाढ काढण्यापूर्वी सांगू शकलो असतो, आणि त्याने बिघडले काहीच नसते. एवढ्यावरून आम्ही एक शिस्त स्वतःला लावून घेतली. जे करून परत फिरवता येते ते आधी करावयाचे, आणि जे परत फिरवता येत नाही ते सर्वांत शेवटी.

हे आमचे शहाणपण काही नवे नाही. जगाने ते फार महाग किमतीला विकत घेतले आहे. १९३४ साली अमेरिकेत सेंट लुइस येथील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या वैद्याने असे मांडले की, मागच्या दाढा गेल्या म्हणजे जबडा मागे-वर दबतो आणि त्यातून कानाची, डोक्याची नाना दुखणी उद्भवतात. त्याचे कारण शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे खोडून काढले, पण त्या मताची सावली दीर्घकाळ राहिली. कित्येक दंतवैद्यांनी सांध्याच्या दुखण्यासाठी चांगले दात घासून त्यांची उंची बदलली. शल्यचिकित्सकांनी त्याहून पुढची मजल मारली. चकती सरकली आहे ना, मग ती शिवून मागे ओढा. फाटली आहे ना, मग काढून टाका. काढल्यावर तिच्या जागी काय घालावयाचे? १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत टेफ्लॉनचा मुलामा दिलेल्या कृत्रिम चकत्या हजारो रोग्यांना बसवल्या गेल्या. तव्याला न चिकटणारा पदार्थ सांध्यातही गुळगुळीत राहील, असे कोणालाही वाटावे. परंतु चावण्याच्या दाबाखाली त्या चकत्यांचा भुगा झाला, त्या भुग्याशी शरीराने युद्ध मांडले आणि त्या युद्धात भोवतालचे हाडच झिजत गेले. १९९० साली तेथील सरकारी औषध-प्रशासनाने त्या चकत्या बाजारातून मागे घ्यावयास लावल्या. ज्यांना त्या बसल्या होत्या त्यांतील अनेकांना नंतर एकामागून एक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या.

लहान छिद्राची वाट मात्र निराळ्याच दिशेने उघडली. १९७५ साली जपानच्या ओनिशी यांनी या सांध्यात बारीक दुर्बीण घालून आत डोकावता येते, हे दाखवले. दुर्बिणीने नीट दिसावे म्हणून सांध्यातून खारे पाणी वाहते ठेवावे लागे. मौज अशी की, आत फारसे काही न करता, नुसते धुऊन आणि चिकटलेले सोडवून बाहेर आले तरी पुष्कळ रोग्यांचे तोंड उघडे, आणि चकती मात्र जेथे सरकली होती तेथेच असे! म्हणजे इतकी वर्षे जिला जागेवर आणण्यासाठी चाकू चालले, ती जागेवर न येताही माणूस बरा होत होता. मग दुर्बीण तरी कशाला? १९९१ साली निट्झन, डॉल्विक आणि मार्टिनेझ या तिघांनी दोन सुयांनी सांधा धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यातील डोरित निट्झन या जेरुसलेमच्या विदुषी.

ही क्रिया आमच्या फिटरवर झाली त्या दिवशी आम्ही शेजारी उभे होतो. आम्ही साधे दंतवैद्य. ही सुई जबड्याच्या शल्यचिकित्सकाने टोचावयाची. आधी तीन आठवडे शेक, मऊ अन्न आणि व्यायाम झाले होते आणि २४ चे २६ मिलिमीटरच झाले होते, हे सांगितले पाहिजे. कानाच्या पुढच्या टोकापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पेनाने एक रेघ मारली. तिच्यावर कानापासून १० मिलिमीटर पुढे आणि २ मिलिमीटर खाली एक खूण. २० मिलिमीटर पुढे आणि १० मिलिमीटर खाली दुसरी. फिटर जागाच होता, भूल तेवढ्या जागेपुरती दिलेली. पहिली सुई वरच्या कप्प्यात गेली, तिच्यातून पाणी सोडून कप्पा फुगवला, दुसरी सुई घातली, आणि पहिलीतून शिरलेले पाणी दुसरीतून थेंब थेंब व मग धारेने बाहेर येऊ लागले. हे पाणी म्हणजे सलाइनच्या बाटलीतील क्षारयुक्त द्रव. शंभर-दोनशे घनसेंटिमीटर वाहू दिले, मध्ये मध्ये जबडा हाताने हलवला, सुया काढल्या, बोटाने दाबून धरले. टाका नाही. अर्धा तासही लागला नाही. त्याच दिवशी तोंड ३६ मिलिमीटर उघडले. भुलेच्या औषधाने त्या बाजूची पापणी काही तास नीट मिटेना, आणि गाल सुजला, तो दोन दिवसांत उतरला. असे होते हे आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर घरची माणसे अर्धांगवायू झाला म्हणून धावत सुटतात.

धुतल्याने नेमके काय होते? दाहाने उत्पन्न झालेली द्रव्ये वाहून जातात, आणि पाण्याच्या दाबाने चिकटलेली चकती सुटते. ऑईल काळे पडून खर धरला म्हणजे बेअरिंग धुऊन काढावे लागते. फिटरला हे समजावण्याची गरज पडली नाही. धुतल्यावर शेवटी वंगणासारखे औषध किंवा रोग्याच्याच रक्तातील काही भाग आत सोडण्याची चाल आहे. तिचा खर्च वाढतो हे निश्चित, लाभ तितका वाढतो याची खात्री आम्हांला वाटत नाही. उलट्या दुखण्याला, म्हणजे जांभई देता देता जबडा निखळून तोंड उघडेच राहते आणि असे वारंवार होते, त्याला रोग्याच्या दंडातून काढलेले थोडे रक्त सांध्यात टोचतात. ते आत गोठते, पुढे काही आठवडे तोंड बांधून जपावे लागते, आणि सैल झालेला सांधा आवळला जातो. १९६४ सालची ही युक्ती मधल्या काळात विस्मरणात गेली होती. निखळलेला जबडा बसवण्याची कृती मात्र हिपॉक्रेटिसपासूनची आहे: अंगठे खालच्या दाढांच्या बाजूला, खाली दाब, मग मागे. अंगठ्यांना फडके गुंडाळावयास विसरू नये.

आता जे सांगावयाचे ते सुई टोचणाऱ्यांना आणि आम्हांलाही अडचणीचे आहे, पण व्यासपीठावर उभे राहून ते दडवणे बरे नव्हे. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या एका मंडळाने जबड्याच्या जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळच्या दुखण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र पडताळून त्यांनी आवर्जून शिफारस केली ती कशाची? जबड्याचे व शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, जाणत्या हातांनी सांधा आणि स्नायू मोकळे करणे, दुखण्याकडे पाहण्याची आणि दात आवळण्याची सवय बदलणारे मनाचे उपचार, आणि रोग्याला नीट समजावून सांगणे. सांधा धुणे, गालाच्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन, रात्री दातांवर चढवावयाची पट्टी, हे त्यांनी सर्वसाधारणपणे टाळावे असे सुचवले. चकती काढण्याची शस्त्रक्रिया करू नये, असे तर निक्षून सांगितले. फिटर बरा झाला तो सुईने, की त्यानंतर सहा आठवडे, दर पाळीच्या सुट्टीत, त्याने इमानाने केलेल्या व्यायामाने, हे आम्हांला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आमचे मत असे बनले आहे की, तोंड अडले आहे, थोडेच आठवडे झाले आहेत आणि व्यायामाने सुटत नाही, तेथे सुईला जागा आहे. नुसते दुखते म्हणून सुई, हे आम्हांला मान्य नाही. आणि ज्याने पहिल्याच भेटीत दात घासण्याची किंवा सांधा उघडण्याची गोष्ट काढली, त्याच्याकडून उठून यावे, मग तो आमच्याच धंद्यातला का असेना.

परंतु तोंड न उघडण्याचे एक कारण असे आहे की त्याला ना व्यायाम पुरतो, ना सुई. चाकणच्या चौकात पाळी सुटल्यावर पानटपरीपाशी थोडा वेळ उभे राहावे म्हणजे ते दिसेल. १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींचे अस्तर ताठ होत जाण्याच्या या रोगाचे वर्णन केले. आदल्याच वर्षी श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत तो पाहिला होता. मूळ कारण सुपारी. तंबाखू नसलेली, नुसती सुपारीसुद्धा. तिच्यातील द्रव्यांनी गालाच्या आतल्या अस्तरात दोरखंडासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड वर्षावर्षाने मिटत जाते. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. मावा टपरीवर चोळून मिळतोच, आणि तिसऱ्या पाळीला झोप उडवण्यासाठी तो दाढेखाली धरणारी पोरे विशी-बाविशीची असतात. त्यांच्यातील काही जण ‘जबड्याचा सांधा धरला’ म्हणून येतात. फरक ओळखणे अवघड नाही. सांधा अडला असेल तर कानापुढे दुखते, आणि तोंड उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. सुपारीने अडले असेल तर दुखत नाही. आधी कित्येक महिने साधी मिसळसुद्धा तोंडात आग करते, गाल आतून फिकट पडतात आणि बोट फिरवले की पट्टे लागतात. या रोगाचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. अशा पोराला सांधा धुण्याच्या खर्चात घालणे ही फसवणूकच होय.

शेवटची गोष्ट मुलांची. लहानपणी कान फुटला, पू सांध्यापर्यंत गेला आणि जबड्याचे हाड कवटीला जुळून तोंड कायमचे मिटले, असे रोगी जुन्या पिढीच्या वैद्यांनी पुष्कळ पाहिले. पेनिसिलीनने ते कमी झाले, आणि भारतात ते पेनिसिलीन तयार करणारा पहिला सरकारी कारखाना आपल्या पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. या गावाने जबड्याच्या सांध्यावर केलेला तो सर्वांत मोठा उपकार, आणि त्यात सुईखेरीज काही नव्हते! आज तेच दुखणे येते ते हनुवटीवर पडण्यातून. दुचाकीच्या टाकीवर पुढे बसवलेले मूल, नाशिक रस्त्यावर करकचून ब्रेक, हनुवटी हँडलवर. हनुवटीची जखम सर्वांना दिसते, तिला टाके पडतात, मूल घरी येते. पण हनुवटीवरचा घाव हाडातून कानापर्यंत पोहोचतो आणि सांध्याची मान मोडते, ती कोणी पाहत नाही. मूल दुखते म्हणून तोंड उघडत नाही, आई लाडाने पेज पाजते, आणि काही महिन्यांत आत हाड जुळू लागते. पुढे हनुवटी वाढत नाही, आणि शस्त्रक्रिया करावयाची तर तोंड न उघडणाऱ्या मुलाला भूल देणे हेच संकट होऊन बसते. हे सारे टाळण्याचा उपाय मात्र लहान आहे. हनुवटीला टाके पडलेल्या मुलाचा संपूर्ण जबड्याचा क्षकिरण काढून घ्यावा. पिंपरीत दंत महाविद्यालय आहे, लांब जावयास नको. आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या रचून तोंड उघडण्याचा व्यायाम करावा. आज आठ मावल्या, तर आठवड्याने नऊ मावल्या पाहिजेत. काड्या मोजण्याचे काम मुलालाच द्यावे, ते आपणहून दहावी घुसवते.

वेळ झाली असे अध्यक्ष खुणावीत आहेत, आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिल्या चिठ्ठीवर नाव नाही. “कधी कधी चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, थांबले की थांबतो. कोणता व्यायाम करावा?” ज्यांनी ही लिहिली त्यांनी कोणताही व्यायाम करू नये. हे दुखणे सांध्याचे नसून हृदयाचे असण्याचा संभव आहे. त्यांनी आज रात्रीच वैद्याकडे जावे, आणि व्याख्यानानंतर आम्हांला भेटून जावे. आम्ही दाराशी थांबतो. उरलेल्या चिठ्ठ्या त्यानंतर घेऊ.